चॅथमची लाकूड गिरणी

अंदमानचे नाव काढताच, वाचकहो, आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभे राहते. त्याचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले. त्याच्याही तेरा वर्षे आधी, १८८३ साली, पोर्ट ब्लेअरला पुलाने जोडलेल्या चॅथम या चिमुकल्या बेटावर लाकूड कापण्याची गिरणी स्थापन झाली होती.

हत्तींनी रानातून ओढलेले ओंडके तराफे बांधून समुद्रमार्गे येथे येत आणि तांबूस पडौकाच्या फळ्या होऊन जहाजांत चढत. आरंभी रानातली कामे कैदी करीत. ते अपुरे पडू लागले, तेव्हा १९१८ पासून छोटा नागपूरचे उरांव, मुंडा, खडिया मजूर ठरावीक मुदतीसाठी आणण्यात आले. १९२५ साली ब्रह्मदेशातील करेन कुटुंबे आली. मुदत संपली तरी कित्येक मजूर परतले नाहीत. त्यांना तेथे ‘रांची’ म्हणतात; रांची कधी न पाहिलेल्या त्यांच्या नातवंडांनासुद्धा!

१९४२ साली जपानी बॉम्बने गिरणीच्या आवारात पडलेला खड्डा पाहुण्यांना दाखविला जातो. परंतु मोठा फेरफार घडला तो २००२ साली. सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले, मुख्य भूमीकडे लाकूड पाठविणे थांबविले. बेटांची वने राखणे आवश्यकच होते, यात शंका नाही. त्याच आदेशात वनजमिनीवरील अतिक्रमणे हटविण्यासही सांगितले होते. आणि रान तोडण्यासाठी ज्यांना आणले, त्यांचे अनेक वंशज जमिनीच्या कागदाविना त्याच रानाच्या कडेला राहत होते.