तारकाविश्वांचे आकार

दिवाळीच्या अमावास्येला रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेरच्या माळावर जाऊन उभे राहा. डोळा अंधाराला सरावला म्हणजे माथ्यावर, जरा उत्तरेच्या अंगाला, एक धुरकट डाग दिसेल. ढग नव्हे तो. ते देवयानीचे तारकाविश्व, आपल्यापासून सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर. दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात ते लांबट दिसते. मुळात मात्र ते ताटासारखे गोल आणि चपटे आहे. आपल्याला ते तिरपे दिसते, इतकेच.

अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेचे एडविन हबल यांनी १९२६ साली तारकाविश्वांची वर्गवारी मांडली. काही लंबवर्तुळाकार, काही सर्पिल, म्हणजे गाभ्यापासून फाटे वेटोळे घेत निघालेली. सर्पिलांतच काहींच्या गाभ्यातून आडवा दांडा गेलेला असतो. कशातच न बसणारी ती अनियमित. वर्गवारी सोपी आहे, म्हणूनच ती अजून चालते. परंतु लंबवर्तुळाकारांना हबल यांनी शून्य ते सात असे जे अंक दिले, ते दिसणाऱ्या चपटेपणाचे. खऱ्या चपटेपणाचे नव्हेत.

घरातली चकली हातात घेऊन पाहा. समोरून वेटोळे मोजता येतात. कडेने धरली की नुसती काडी! भाकरी समोरून गोल दिसते, आणि लिंबू कसेही धरले तरी गोलच. आता भाकरी कोणती नि लिंबू कोणते, हे लांबून आणि एकाच बाजूने पाहून सांगायचे आहे. तारकाविश्वाच्या पलीकडे जाऊन डोकावण्याची सोय नाही. फाटे नसलेली पण चपटी अशी भिंगाकार तारकाविश्वे तर समोरून पाहिली की लंबवर्तुळाकारांत हटकून मिसळतात.

एका परीक्षेत मी असेच एक छायाचित्र देऊन प्रकार ओळखायला सांगितले होते. एका विद्यार्थ्याने लिहिले, "या चित्रावरून निश्चित सांगता येत नाही." मी त्याला शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवशी तो भेटायला आला आणि म्हणाला, "सर, हे कडेनं दिसतंय की मुळातच असं आहे, ते कसं ओळखायचं?" मला उत्तर देता येईना.

२००७ साली खगोलशास्त्रज्ञांनी 'गॅलॅक्सी झू' नावाचा उपक्रम काढला. सुमारे ९ लक्ष तारकाविश्वांची चित्रे इंटरनेटवर ठेवली आणि लाखाहून अधिक सामान्य माणसांनी त्यांचे प्रकार लावले. एकच चित्र अनेकांना दाखवून मते मोजायची, अशी ही पंचायतच! त्यात घड्याळाच्या उलट दिशेने वळलेली सर्पिले जास्त भरली. मग काही चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटवून दाखवली, तरीही उलट दिशेचीच जास्त! म्हणजे दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता. आणि गंमत म्हणजे, ठरवता येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणण्याचीही तेथे सोय होती.

फार दूरच्या तारकाविश्वांत फाटे अंधूक होऊन पुसले जातात. शिवाय कोणत्या प्रकाशात पाहतो त्यावरही रूप बदलते. निळ्या प्रकाशात तरुण ताऱ्यांचे पुंजके उठून दिसतात; अवरक्त प्रकाशात जुन्या ताऱ्यांची बैठक दिसते. म्हणून हबल दुर्बिणीने वेडीवाकडी दाखवलेली कित्येक दूरची तारकाविश्वे २०२२ पासून जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांत नीटस चकत्या निघाली. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दोघा संशोधकांनी याच दुर्बिणीच्या चित्रांत एक रेखीव सर्पिल शोधले आणि त्याला 'अलकनंदा' नाव दिले. विश्वाचे वय जेमतेम १५० कोटी वर्षे असतानाचे ते रूप आहे. इतक्या लवकर असे घडीव फाटे तयार झाले असतील, असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनी हबल यांचा तक्ता फळ्यावर अवश्य काढावा; मात्र शेजारी चकलीही धरून दाखवावी. त्या विद्यार्थ्याचे पाचच्या पाच गुण मी त्याला परत दिले. पुढच्या वर्षीच्या प्रश्नात एक वाक्य वाढवले : "ओळखता येत नसल्यास कारण लिहा."