कान आधी, बोटं मागून
(लेखमाला : वाद्य हाती घेताना – लेखांक ४)

गिटार विकत घेताना काय पाहावं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता गिटार घरी आली. बोटं सोलवटतात, कॉर्ड नीट उमटत नाही, आणि महिनाभरात गिटार कपाटावर जाते. यात दोष बहुधा बोटांचा नसतो. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांचा कान तर लहानपणीच तयार झालेला असतो. तुळजापूरच्या गोंधळातलं संबळ-तुणतुणं आणि गावोगावच्या भजनातली पेटी त्यांनी ऐकलेली असते. पण गिटार शिकताना हाच कान बाजूला ठेवून मोबाईलवरच्या आकृत्या पाठ केल्या जातात. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

न जुळवता वाजवणं. नव्या तारा ताणल्या की उतरतात, म्हणून रोज बसण्याआधी गिटार जुळवावी. जाडीकडून बारीकीकडे तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. एक तार ‘सा’ धरली की तिच्या पुढची तार शुद्ध मध्यमावर लागते. अपवाद फक्त जी आणि बी या जोडीचा. तिथे अंतर सा ते शुद्ध गंधार एवढंच असतं. ट्यूनरचं ॲप जरूर वापरा, पण आधी कानाने लावून पाहा आणि मग ॲपवर तपासा.

बोटाची जागा चुकणं. दोन फ्रेटच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं तर जोर जास्त लागतो आणि तार झणझणते. बोट साउंडहोलच्या बाजूच्या फ्रेटला लागून ठेवावं, पण फ्रेटवर चढवू नये. आधी बोट तारेवर नुसतं टेकवा. मग एकीकडे तार छेडत हळूहळू दाब वाढवा. आवाज जिथे स्वच्छ होईल, तेवढाच दाब पुरे. त्याहून जास्त दाबलं तर बोट दुखतं आणि सूरही चढतो.

कॉर्ड बदलताना थांबणं. ही चूक सर्वांत जास्त दिसते. डावा हात पुढची कॉर्ड शोधत राहतो आणि उजवा त्याची वाट पाहतो. ताल तिथेच तुटतो. भजनात टाळकरी हुकला तरी ठेका थांबत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. भजनी ठेक्याच्या 8 मात्रा मनात धरा. 1, 3, 5, 7 ला हात खाली, 2, 4, 6, 8 ला वर. कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, पण उजवा हात चालू राहिला पाहिजे.

गळ्याची पट्टी न पाहणं. गाणारा काळी एकमध्ये गातो आणि गिटारवाला सी कॉर्डवरून सुरुवात करतो, म्हणजे दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर पडतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की तीच सीची बोटं काळी एकमध्ये वाजतात. काळी दोन हवी असेल, तर त्याच कॅपोवर डीची बोटं धरावीत.

आपल्याकडच्या हवेचंही भान हवं. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या गिटारचा नेक वाकू शकतो, डिंक सुटू शकतो. नायलॉनच्या तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. जादा ताणाने तिचा ब्रिज उखडू शकतो.

या आठवड्याचा अभ्यास : ई मेजर आणि ए मायनर या दोनच कॉर्ड. दोन्हींत बोटांची ठेवण सारखीच असते, फक्त सगळी बोटं एकेक तार बारीक तारांकडे सरकतात. प्रत्येक कॉर्डवर 8 मात्रांचं एक आवर्तन घ्या. लय संथ ठेवा आणि मात्रा तोंडाने मोजा. न थांबता बदल जमू लागला, की लय वाढवायला हरकत नाही.

पुढच्या लेखांकात : एफसारख्या बार कॉर्ड कधी आणि कशा सुरू कराव्यात.