मे महिन्यातली पाहुणी मांजरं

पहाटे ५:३०
मे म्हणजे आमचा हंगाम. पुण्यातली माणसं कोकणात, महाबळेश्वरला, लेकीकडे अमेरिकेला जातात आणि त्यांची मांजरं माझ्याकडे येतात. तळमजल्यावरच्या खोल्या, जाळी ठोकलेली गॅलरी आणि मदतीला एक मावशी, एवढंच हे पाळणाघर. चहाआधी ट्रे बघायचे. कोणाच्या वाळूत लघवीचा गोळा केवढा, कोणाची शी खडा, कोणाची पातळ, सगळं वहीत. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, त्यामुळे माझा भरवसा ट्रेवर.

७:००
चिकनवाल्याकडून मांडीचं बोनलेस, भरपूर दिल आणि थोडीशीच कलेजी आली. कलेजी रोज पोटभर दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठतं आणि मानेची हाडं जखडतात. दिलात टॉरिन असतं, ते मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं. शिजवताना ते पाण्यात उतरतं, म्हणून पाणी ओतून द्यायचं नाही, वाटीत घालायचं. मावशींचा हात अजून सवयीने मिठाच्या डब्याकडे जातो. कांदा-लसणाला तर या पातेल्याजवळ बंदीच आहे. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हाडं नसतात म्हणून अंड्याच्या टरफलाची पूड, अर्धा किलोला साधारण अर्धा चमचा. टॉरिनची पूड डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, वेगळी.

कच्चंच द्या, तेच निसर्गाचं, असा आग्रह धरणारे पालकही भेटतात. मांजर उंदीर मारतं आणि ताजाच खातं. आपलं चिकन मेच्या उन्हात दुकानाच्या फळीवर किती वेळ पडून होतं, ते कोण सांगणार?

८:३०
सदाशिव पेठेतले एक काका टोपलीत बोका आणि स्टीलच्या डब्यात दहीभात घेऊन हजर. "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. आजीच्या वाड्यातली मांजर दूधभातावर पंधरा वर्षं जगली."

जगली असेल, शंका नाही. पण त्या वाड्यात धान्याची कोठी होती, माळा होता, मागे न्हाणीघर आणि लाकडाचा ढीग होता. आजी दूधभात घालायची आणि बाकीचं जेवण मनी स्वतः मिळवायची: उंदीर, पाली, अधूनमधून चिमणी. उंदरात मांस, हाडं, काळीज सगळं एकत्र येतं, आणि जवळजवळ दोन तृतीयांश पाणीही. आजीला वाटायचं, आपला दूधभात तिला पोसतोय. काकांचा बोका मात्र सहाव्या मजल्यावर राहतो, खिडक्यांना जाळ्या आहेत आणि सोसायटीत दर तीन महिन्यांनी उंदीर मारायला माणूस येतो. वाड्यातल्या जेवणाचा मोठा हिस्सा गेला, उरला फक्त भात.

टॉरिन कमी पडलं तर काय होतं ते 1987 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॉ. पॉल पायन यांनी दाखवून दिलं. हृदय फुगून कमजोर झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी निघालं आणि ते दिल्यावर हृदयं सुधारली. गंमत म्हणजे ती मांजरं दुकानातलं तयार अन्न खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी अन्नातलं टॉरिन वाढवलं. दहीभातात कोण वाढवणार?

काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तो तुमच्याकडे काय खातो ते मला सांगू नका." समजूतदार माणूस.

त्यांच्यामागून आलेल्या बाईंना मात्र परत पाठवावं लागलं. "लस म्हणजे रसायन, आम्ही देत नाही." पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या रोगाचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर वर्षभर टिकू शकतो आणि पिल्लं त्याने पटापट मरतात. ट्रायकॅट आणि रेबीज या लसींच्या नोंदी असलेलं कार्ड दाखवल्याशिवाय इथे टोपली उघडत नाही.

११:००
पिसवांचा तास. एका मनीच्या अंगाला कडुलिंबाच्या तेलाचा भपकारा येतोय. माणूस तेल लावतो आणि कामाला लागतो. मांजर अंग चाटत बसतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. कुत्र्यासाठीचे थेंब तर याहून वाईट, त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला झटके आणतं. मी आधी उवांची फणी घेते, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा. फणीत सापडलेली पिसू पाण्यात बुडवायची, अंथरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायची. पिसवा फारच असतील तर डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं औषध.

१२:१५
जुन्या पालकांचा फोन. "तिला ताप वाटतोय. तुळशीचा काढा देऊ की पॅरासिटामॉलची पाव गोळी?" दोन्ही खाली ठेवा आणि निघा, म्हटलं. ती गोळी निकामी करायची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो. शिवाय अडतीस-एकोणचाळीस अंश ही मांजराची रोजची उष्णता. आपल्या हाताला ते गरम लागणारच.

१:०० ते ४:३०
सगळे झोपलेले. मीही.

५:३०
गॅलरीत कुंड्या आहेत. एकीत दूर्वा, त्या कुरतडून एखादी ओकली तरी मी घाबरत नाही. दुसरीत खोकली, रस्त्याकडेला तणासारखी उगवणारी. तिचं मूळ उपटून दिलं की काही मांजरं लोळण घेतात, लाळ गाळतात, विदेशी कॅटनिप विकत आणायची गरज नाही. सगळ्यांना मात्र ती चढत नाही. लिलीची फुलं कोणी भेट आणली तर दाराबाहेरच ठेवायला सांगते. परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाते.

मग सुतळीला पीस बांधून शिकार, आणि शिकार संपली की लगेच वाटी. या क्रमाने दिलं तर रात्रीचा धिंगाणा बराच कमी होतो.

८:४०
नारिंगी बोका चौथ्यांदा ट्रेमध्ये बसला. वाळू कोरडी. पोटाखाली हात लावला तर मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. मालक गुहागरला. फोनवर म्हणाले, "उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी पाजा." बोक्याची मूत्रनळी अरुंद, ती तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. वरून पाणी पाजून तुंबलेलं मोकळं होत नाही. मावशींना घरी बसवलं आणि रिक्षा पकडली.

डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली. बोक्याला त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं. खायला काय, विचारलं. लहानपणापासून फक्त कोरडे दाणे, आणि पाण्याची वाटी दाण्यांना चिकटून. मांजराचे पूर्वज वाळवंटातले. तहान त्यांना मुळातच कमी, पाणी शिकारीतून मिळायचं. शंभर ग्रॅम दाण्यांत ते दहाच ग्रॅमच्या आसपास.

११:३०
वहीत लिहिलं: परत आला की कोरडं कमी करत ओलं वाढवायचं, वर दोन चमचे कोमट पाणी, पाण्याचे पसरट वाडगे खाण्यापासून लांब, तीन ठिकाणी, लघवीची नोंद दर वेळी. मालकांना कळवलं. पहाटेच निघतो म्हणाले, आणि येताना गावचे धने आणू का, असंही विचारलं.

आणा म्हटलं, आमटीला संपलेच आहेत.