मत आणि माध्यम – भाग ७ : दोन षटकांमधली तीस सेकंदं

मागच्या भागात आपण भोंगा, भिंत आणि हँडबिल या जुन्या साधनांचा हिशेब मांडला होता. आज सगळ्यांत महागड्या साधनाकडे वळू. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यात टीव्हीवर राजकीय पक्षांनी जाहिराती घ्याव्यात का? घेतल्या तर त्यातून पक्षाला काय मिळतं, आणि घाटंजीच्या मतदाराला काय मिळतं?

१७ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ आठवा. रामनवमी होती. आपला तालुका यवतमाळ जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो चंद्रपूर मतदारसंघात मोडतो, आणि तिथलं मतदान १९ तारखेला होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला. गावागावांत फिरणाऱ्या गाड्यांचे भोंगे बंद झाले. थोड्याच वेळात अहमदाबादला गुजरात आणि दिल्ली यांच्यात आयपीएलचा सामना सुरू झाला आणि गुजरातचा संघ ८९ धावांत गारद झाला. घराघरांत आणि पानठेल्यावरच्या मोबाइलवर लोक तो सामना बघत होते. महिनाभर उमेदवार ज्यांना शोधत फिरले, ते मतदार त्या घडीला एका जागी, एका पडद्यासमोर बसलेले होते. सामन्यातल्या जाहिरातीचं आकर्षण नेमकं हेच आहे.

विकत काय घेतलं जातं?

मालिका लोक नंतरही बघतात, बातम्या सुरू असताना चॅनल बदलतात. सामना मात्र चालू असतानाच बघायचा असतो. षटक संपलं की जाहिरात येते आणि पुढचं षटक चुकू नये म्हणून बघणारा उठत नाही. आयपीएलच्या प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन विश्रांती ठरलेल्या असतात, त्याही जाहिरातींसाठी सोयीच्या. या खिळून बसलेल्या नजरेलाच मोल आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रसारण हक्क एकूण ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ज्याने एवढी रक्कम मोजली तो ती जाहिरातींतून आणि वर्गणीतूनच वसूल करणार. अलीकडच्या हंगामांत टीव्हीवरच्या दहा सेकंदांचा दर साधारण बारा ते पंधरा लाखांच्या घरात असल्याचे या व्यवसायातले अंदाज आहेत.

आता हा दर निवडणूक कायद्याशेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतात आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. तीस सेकंदांची जाहिरात एकदा दाखवायची तर ३६ ते ४५ लाख लागतात. म्हणजे आपल्या आर्णी मतदारसंघातून विधानसभेला उभ्या राहिलेल्या उमेदवाराची सबंध निवडणुकीची मर्यादा एका सामन्यातल्या अर्ध्या मिनिटात संपून जाईल. शिवाय ती जाहिरात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दिसेल, आणि त्या सगळ्या प्रेक्षकांत त्याचे मतदार असतील जेमतेम तीन लाख. बाकी पैसा ज्यांना त्याला मत देताच येत नाही अशांवर उधळला गेला.

तेव्हा ही जाहिरात उमेदवाराच्या आवाक्यातली नाहीच. ती फक्त पक्ष घेऊ शकतो, आणि पक्षांतही ज्याची तिजोरी मोठी आहे तोच.

पक्षाच्या खर्चाला कुंपण का नाही?

उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळं रान, हा भेद आला कुठून? ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात मोजला पाहिजे. त्यामागचा विचार सरळ होता. ज्याच्या पाठीशी पैसा, त्याचाच आवाज मोठा, असं झालं तर मताची बरोबरी कागदावरच राहते. पण त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला, मग लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ बदललं आणि न्यायालयाने घातलेलं कुंपण निघालं. पुढे या कलमात आणखी बदल झाले, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कमाल मर्यादा आजही नाही.

मर्यादा नसल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीचा जो खर्च पक्षांनी निवडणूक आयोगाला कळवला, त्यात भाजपचा सुमारे ७१४ कोटींचा होता आणि काँग्रेसचा सुमारे ५१६ कोटींचा. एवढा पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच सामन्यातल्या तीस सेकंदांचा विचार करणं परवडतं. घाटंजी, पांढरकवड्यात अपक्ष उभा राहणारा कार्यकर्ता, कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वर्षानुवर्षं काम केलेला माणूस किंवा एखादा लहान पक्ष या बाजारात पाऊलही ठेवू शकत नाही.

नियम काय सांगतात?

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत राजकीय जाहिरातींना मुळात बंदीच होती. जेमिनी टीव्हीच्या प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग आखून दिला : जाहिरात दाखवा, पण आधी प्रमाणित करून घ्या. म्हणून आज नोंदणीकृत पक्षाला किंवा उमेदवाराला प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी जाहिराती प्रमाणित करणाऱ्या समितीकडे अर्ज करावा लागतो. जाहिरात बनवायला किती खर्च आला, ती किती वेळा दाखवणार, दर काय, हे त्यात लिहावं लागतं आणि पैसे चेक किंवा ड्राफ्टनेच दिले जातील असं कळवावं लागतं. मजकूर तपासण्याची व्यवस्था अशी चोख आहे. पण पक्षाने एकूण किती पैसा ओतायचा, याला ही समिती हात लावू शकत नाही.

दुसरा नियम मतदानाआधीच्या ४८ तासांचा. कलम १२६ प्रमाणे मतदान जिथे व्हायचं तिथे त्या काळात टीव्हीवरून निवडणूक प्रचार करता येत नाही. पण २०२४ ची निवडणूक सात टप्प्यांत झाली. चंद्रपुरात शांतता पाळायची तेव्हा पुण्यात प्रचार ऐन भरात होता. देशभर दिसणारी वाहिनी एका मतदारसंघापुरती गप्प बसू शकत नाही. हा कायदा गावच्या भोंग्याला जसा लागू पडतो, तसा उपग्रहावरून येणाऱ्या चित्राला पडत नाही.

तिसरा नियम करारातला आहे. २०१९ मध्ये आयपीएलचे प्रसारण हक्क स्टार इंडियाकडे होते. निवडणुकीच्या तोंडावर कंपनीने राजकीय जाहिराती दाखवण्याची परवानगी मागितली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ती नाकारली, कारण राजकीय आणि धार्मिक जाहिरातींना मनाई करणारं कलम प्रसारण करारातच होतं. कायद्याने न घातलेली मर्यादा इथे एका खेळाच्या मंडळाने घातली. मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र लोकशाहीतली एवढी महत्त्वाची मर्यादा खासगी करारातल्या एका कलमावर टिकून असावी, हे मला मान्य नाही. करार दर पाच वर्षांनी नव्याने लिहिले जातात.

अमेरिकेचा धडा

अमेरिकेत सुपर बाउल हा फुटबॉलचा वर्षातला सगळ्यांत मोठा सामना. २ फेब्रुवारी २०२० च्या सामन्यात डोनाल्ड ट्रम्प आणि मायकल ब्लूमबर्ग या दोघांनीही साठ-साठ सेकंदांची वेळ घेतली. प्रत्येकाचा खर्च सुमारे एक कोटी डॉलर. ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या पैशाने जाहिरातींचा पूर आणला होता. पण पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी ३ मार्चला झालेल्या मतदानात त्यांना अमेरिकन सामोआ हा चिमुकला प्रदेश तेवढा जिंकता आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांच्या समर्थक गटाने तीस सेकंदांसाठी सुमारे सत्तर लाख डॉलर मोजले आणि जॉन केनेडींच्या १९६० मधल्या जाहिरातीची नवी आवृत्ती दाखवली. कुटुंबातल्या माणसांनी नाराजी व्यक्त केली आणि उमेदवाराला त्यांची माफी मागावी लागली.

या दोन उदाहरणांवरून सगळं ठरत नाही. त्याहून मोलाचा आहे २००६ चा टेक्सासमधला प्रयोग. गव्हर्नर रिक पेरी यांच्या प्रचारात संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं की कोणत्या भागात, केव्हा, किती जाहिराती दाखवायच्या. जिथे जाहिराती दिसल्या तिथे लोकांचा कल खरोखरच वळला, आणि चांगला वळला. पण आठवडाभरात तो परिणाम जवळजवळ विरून गेला. थोडक्यात, टीव्हीवरची जाहिरात पहिल्या पावसासारखी असते. माती ओली दिसते, पण ओल खाली मुरलेली नसते. आपल्याकडचा कोणताही कास्तकार तेवढ्या ओलीवर सरकी टोबत नाही.

बाजू दुसरीही आहे

या जाहिरातींच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. प्रेक्षकांची संख्या कोटींत असल्यामुळे माणशी खर्च काही पैशांवर येतो. सभेला न जाणारी, पेपर न वाचणारी घरातली माणसंही सामना बघतात. पक्षाचं चिन्ह, नेत्याचा चेहरा, एखादी घोषणा एका रात्रीत देशभर पोहोचवायची असेल तर याहून वेगवान साधन नाही. २०१४ च्या मार्च-एप्रिलमध्ये टी-२० विश्वचषक चालू असताना भाजपने आपल्या घोषणा याच मार्गाने घरोघरी नेल्या. ओळख पक्की करण्याचं काम या जाहिराती करतात, हे मला मान्य आहे.

पण त्या सगळ्यांपर्यंत पोहोचतात हे खरं नाही. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी वाहिनीला दूरदर्शनला द्यावं लागतं, मात्र स्वतःच्या जाहिराती वगळून. म्हणजे खासगी वाहिनीवर लाखोंनी घेतलेली वेळ दूरदर्शनवर आपोआप दिसत नाही. पोडावर रिचार्ज न लागणाऱ्या फुकट डिशवर विश्वचषकाचा सामना बघणाऱ्या घरात ती पोहोचलेलीच नसते. जाहिरातदाराच्या हिशेबात तो मतदार धरलेलाच नाही.

चंद्रपूरने काय दाखवलं?

आपल्याच मतदारसंघाचा अनुभव बघा. २०१४ मध्ये इथून भाजपचे हंसराज अहीर मोठ्या फरकाने निवडून आले. २०१९ मध्ये भाजपला देशात ३०३ जागा मिळाल्या, पण महाराष्ट्रात काँग्रेसने जिंकलेली एकमेव जागा चंद्रपूरची होती. तिथे बाळू धानोरकर निवडून आले. २०२४ मध्ये प्रतिभा धानोरकर दोन लाख साठ हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. देशभर दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती घाटंजीतही त्याच होत्या आणि नागपुरातही त्याच. तरी २०१९ मध्ये दोन्ही मतदारसंघांनी वेगवेगळा कौल दिला. उमेदवार, स्थानिक नाराजी, जातींची गणितं, आघाड्या अशी कारणं त्यात होती. पण एवढं नक्की कळतं की इथला मतदार फक्त पडद्यावरून ठरवत नाही.

आता २० मार्च २०१४ कडे वळू. विश्वचषक नुकताच सुरू झाला होता. त्या दिवशी नरेंद्र मोदी आपल्या शेजारच्या आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावी आले. शेतकऱ्यांसोबत ‘चाय पे चर्चा’ झाली. कापूस, कर्ज, आत्महत्या हे विषय निघाले. तो कार्यक्रमही प्रचाराचाच होता आणि उपग्रहाद्वारे इतर ठिकाणी दाखवला गेला. पण एक फरक होता. तिथे गावाला नाव होतं, समोर माणसं बसली होती, आणि जे बोललं गेलं ते ऐकणारे साक्षीदार होते. म्हणूनच पुढच्या निवडणुकांत दाभडीचं नाव पुन्हा पुन्हा निघालं. त्या दिवशी दिलेल्या शब्दाचं काय झालं, हे विरोधकांनी विचारलं, पत्रकारांनी विचारलं, शेतकऱ्यांनी विचारलं.

त्याच दिवसांत सामन्यांमध्ये दिसलेल्या जाहिरातीतला कोणता शब्द आज कोणी पुढे धरून जाब विचारतो?

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. प्रचारात दिलेल्या शब्दाची किंमत तो किती लोकांनी ऐकला यावर ठरत नाही. तो कोणासमोर दिला आणि उद्या कोण तो परत मागू शकतं, यावर ठरते. देशभरासाठी बनवलेल्या तीस सेकंदांत घाटंजीच्या कापसाचा भाव येऊ शकत नाही. टिपेश्वरच्या जंगलालगत रात्री पिकाची राखण करणाऱ्याची भीती येत नाही. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलणं होत नाही. आणि जे बोललंच गेलं नाही, त्याचा जाब मागायचा कसा?

म्हणून पक्षांनी हा पैसा सामन्यांवर घालू नये असं मला वाटतं. एका जाहिरातीच्या रकमेत सबंध तालुक्यात गावोगाव खुल्या बैठका होतील, जिथे लोक विचारतील आणि उमेदवार उत्तर देईल. याला पक्षांच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. उमेदवाराला जशी मर्यादा आहे तशी पक्षालाही कायद्याने हवी. १९७४ मध्ये न्यायालयाने दाखवलेली ती वाट आपण पुन्हा धरली पाहिजे.

मतदार म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आजही आहे. पुढच्या निवडणुकीत सामन्यामध्ये एखादी चकचकीत घोषणा दिसली, तर ती लक्षात ठेवा. मग तुमच्या दारी मत मागायला येणाऱ्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या आणि तीच घोषणा त्याच्यासमोर ठेवून विचारा : हे आपल्या गावात कधी, कसं आणि कोणाच्या पैशाने होणार? पडद्याला विचारता येत नाही, पण ओसरीवरच्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं.

*पुढील भागात : दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना मिळणारी मोफत वेळ. १९९८ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेचा लहान पक्षांना किती उपयोग होतो?*