इंजिन चालतंय, मग पाणी का घटलं?



मार्च लागला की एकच तक्रार कानावर येते. "साहेब, इंजिन सुरू आहे, पण पाण्याचा जोर गेला." सांगणारा बहुतेक वेळा रिंग-पिस्टन बदलून, खिसा रिकामा करूनच आलेला असतो. भूम तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने असंच इंजिन खोलून घेतलं. दोष निघाला फूटव्हॉल्व्हच्या जाळीत: शेवाळ आणि खताच्या पिशवीचा तुकडा! तोवर आठ दिवस गेले आणि अर्धा एकर कांदा हातचा गेला.

म्हणून पाना उचलण्याआधी एवढं ठरवा: इंजिनाचे फेरे कमी झालेत, की फेरे तेच असून पाणी कमी येतंय? त्यासाठी इंजिनाकडे कान द्या. मोटारबोटीचंही असंच असतं. इंजिन मोकळं ओरडतंय आणि बोट सरकत नाही, तर आधी पाण्यातला पंखा बघावा. त्याला बऱ्याचदा शेवाळ गुंडाळलेलं असतं.

आवाज जड आणि फेरे कमी असतील तर धूर पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा ओझं जास्त आहे. एअर क्लीनर धुवा. मग पट्टा काढून इंजिन रिकामं चालवा. फेरे वाढले आणि धूर निवळला, तर ओझं पंपात आहे. इंजिन बंद करून पंप हाताने फिरवा. जड फिरला तर ग्लँड फार आवळली असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे. तो दोष नव्हे. धूर फारसा नाही आणि फेरे खाली-वर होतात, तर डिझेल फिल्टर तुंबलाय किंवा नळीत हवा शिरलीय. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुड्याविना डिझेल येईपर्यंत हवा काढा. निळा धूर सतत येत असेल, तरच रिंगांचा विचार करा.

थोडे फेरे घटले तर काय बिघडतं, असं समजू नका. १५०० फेऱ्यांना पंप जास्तीत जास्त २० मीटर पाणी चढवत असेल, तर १२०० फेऱ्यांना तो जेमतेम १३ मीटर चढवतो. चढण १५ मीटर असली, तर पाणी वर येणारच नाही.

आता दुसरी गोष्ट. इंजिन नेहमीसारखं किंवा जास्तच मोकळं वाजतंय, पण पाणी नाही. पट्टा गुळगुळीत होऊन घसरतोय का, ते बघा. नळातून पाणी थुंकल्यासारखं येत असेल तर सक्शन पाईप हवा ओढतोय. सांध्यांवर ओली माती थापा; ज्या सांध्यावर थापल्यावर धार सुधारली, तिथेच गळती. मग फूटव्हॉल्व्ह वर काढून जाळी साफ करा.

एवढं करूनही धार बारीकच असेल तर विहिरीत डोकावा. पाणी खाली गेलेलं असतं. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाणी फार तर १० मीटर चढवतो. आपण बालाघाटाच्या पठारावर, त्यामुळे थोडं कमीच. पाईपातलं घर्षण धरून पाण्यापासून पंपापर्यंतची चढण ६ मीटरच्या, म्हणजे २० फुटांच्या आत ठेवा.

इथेच काही जण डिझेल इंजिन विहिरीतल्या कठड्यावर उतरवतात. ते करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो. त्याला रंग नाही, वास नाही. कंदील सोडून बघण्याची जुनी रीत इथे फसवते. कंदील जळत राहतो आणि माणूस कोसळतो. पाणी फार खाली गेलं, तर विजेचा पाणबुडी पंप बरा. आत कोणी पडलाच, तर त्याच्यामागे उतरू नका. इंजिन वरून बंद करता येत असेल तर करा, ११२ वर फोन करा, आणि तो शुद्धीवर असेल तर दोर टाकून वरूनच ओढा.