मुष्टियोद्ध्याचें बलसंवर्धन : वजनें कीं जोर-बैठका?

मुष्टियुद्धाची आवड असलेले विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. ठोशांत बळ यावें म्हणून लोखंडी वजनें उचलावीं, कीं जोर, बैठका व दोरीवरच्या उड्या यांवरच भागवावें? त्यांच्या पालकांचा प्रश्न निराळा असतो : वाढत्या वयांत वजनें उचलल्यानें मुलाची उंची खुंटेल काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ठोसा कोठून निघतो हें पाहूं. पाहणारास वाटतें कीं तो दंडांतून निघतो. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. मागील पायाचा चवडा जमिनीस रेटा देतो, तो रेटा कमरेच्या वळणानें धडांत चढतो, तेथून खांद्यांत व शेवटीं मुठींत येतो. १९८५ सालीं सोव्हिएत संघांतील फिलिमोनोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं याचें मोजमाप प्रसिद्ध केलें. तरबेज खेळाडूंच्या ठोशांत पायांचा वाटा शेंकडा सुमारें ३८, धडाचा ३७ व हाताचा २४ असा भरला. कनिष्ठ दर्जाच्या खेळाडूंत मात्र पायांचा वाटा शेंकडा १७ च्या आंतच राहिला. तात्पर्य, ज्या व्यायामानें केवळ दंड फुगतात, तो मुष्टियोद्ध्याच्या फारसा उपयोगीं पडत नाहीं.

आतां जोर-बैठकांचा गुण पाहूं. साधा जोर काढतांना शरीराच्या वजनाचा सुमारें दोन तृतीयांश भार हातांवर येतो, आणि धड ताठ राखण्याचे श्रम पोटाच्या व पाठीच्या स्नायूंस आपोआप पडतात. यास पैसा लागत नाहीं, जागा चटईएवढी पुरते. हौशी मुष्टियुद्धांत तीन तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात व मध्यें एकेक मिनिटाची विश्रांति असते. त्या शेवटच्या फेरींत हात वर राखण्यास जो दम लागतो, तो अशाच व्यायामानें व धांवण्यानें येतो. परंतु यास एक मर्यादा आहे. आपल्या देहाचें वजन ठरलेलें असतें. पन्नास जोर सहज निघूं लागले, कीं पुढील पन्नासांनीं दम वाढतो, बळ फारसें वाढत नाहीं. मग पाय बांकावर ठेवून जोर काढणें, एका पायावर बैठका काढणें, आडव्या दांडीस लोंबकळून हनुवटी दांडीच्या वर नेणें, अशा रीतीनें व्यायाम कठीण करावा लागतो.

वजनांचा मुख्य गुण हाच कीं भार मोजून व हळूहळू वाढवितां येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकन लष्करी वैद्य थॉमस डीलॉर्म यांनीं जखमी सैनिकांचे क्षीण स्नायु याच तत्त्वानें बळकट केले व १९४५ सालीं ती पद्धति प्रसिद्ध केली. तरीहि वजनांनीं अंग जखडतें व हात मंद होतो, असें जुने मुष्टियुद्ध-शिक्षक दीर्घकाळ मानीत आले. मुहंमद अली यांनीं तीन वेळां हेवीवेटचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तें लोखंडावर भिस्त न ठेवतां. उलटपक्षीं, १९८५ सालीं मायकेल स्पिंक्स यांनीं लॅरी होम्स यांस हरविलें. लाइट हेवीवेटच्या पदावर असलेल्या वीरानें हेवीवेटचें अजिंक्यपद जिंकल्याचें तें पहिलेंच उदाहरण. १९९० सालीं इव्हँडर होलीफील्ड यांनींहि खालच्या वर्गांतून चढून तेंच पद मिळविलें. या दोघांच्याहि तयारींत वजनांचा व्यायाम होता. वजनांमुळेंच ते जिंकले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु वजनांनीं मुष्टियोद्धा निकामी होतो, हा समज त्यांच्यापुढें टिकत नाहीं.

येथें कोणी विचारील, वजनें उचलून देह जड झाला तर वर्ग बदलणार नाहीं काय? २०१२ सालीं लंडन येथें मेरी कोम यांनीं कांस्यपदक मिळविलें तें ५१ किलोच्या वर्गांत. तेथें एक किलोहि हिशेबांत धरावा लागतो. परंतु आरंभींच्या आठवड्यांत बळ वाढतें तें मुख्यत्वें मज्जातंतु अधिक स्नायुतंतूंस एकदम कामास लावूं लागतात म्हणून. स्नायूंचा आकार त्यानंतर वाढतो. थोड्या आवर्तनांचा व आहार आटोक्यांत ठेवून केलेला व्यायाम देह फारसा न वाढवितांहि बळ देतो.

एक चुकीची चाल मात्र टाळावी. कित्येक मुलें हातांत डंबेल्स धरून हवेंत ठोसे मारतात. डंबेल्सचा भार खालीं ओढतो, ठोसा तर पुढें जातो; त्यामुळें खांदे शिणतात, पण ठोशाच्या दिशेस विरोध होत नाहीं. त्यापेक्षां भरीव चामडी चेंडू छातीपासून जोरानें फेंकणें अधिक हितावह होय. मिळविलेल्या बळास वेगाची जोड देण्याचा तो सोपा मार्ग आहे.

आतां पालकांचें समाधान. योग्य देखरेखीखालीं केलेल्या वजनांच्या व्यायामानें उंची खुंटते, या समजुतीस आधार नाहीं; अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचेंहि मत असेंच आहे. मात्र प्रथम रिकाम्या दांडीनें रीत शिकावी, मग हलकें वजन घ्यावें, आणि आठवड्यांत दोन किंवा तीन दिवस, मध्यें विश्रांतीचा दिवस सोडून, हा व्यायाम करावा. कोण अधिक उचलतो अशी पैज मुळींच लावूं नये. खरी काळजी दुसरीकडेच आहे. त्याच संस्थेनें कॅनडांतील बालरोगतज्ज्ञांसह २०११ सालीं मुलांच्या मुष्टियुद्धास विरोध दर्शविला, तो मस्तकावरील आघातांमुळें. मान व दंड बळकट करतां येतात. मेंदूस आघातक्षम करणारा व्यायाम जगांत नाहीं. म्हणून सामन्यांत उतरण्यापूर्वीं वैद्याचा व पालकांचा विचार घेणें अवश्य आहे.

सारांश, आधीं जोर, बैठका, दांडी व दोरी यांनीं देह आपल्या ताब्यांत आणावा. तो आला म्हणजे जाणत्याच्या नजरेखालीं वजनांस हात लावावा, आणि दोन्हींची मिळकत पायांतून मुठीपर्यंत नेण्याचा सराव रोज चालू ठेवावा. ज्याच्या घरीं वजनें नाहींत त्यानें खंत करूं नये. पहिल्या पायरीस लागणारें सर्व साहित्य त्याच्यापाशीं आहेच.