जुना लोडर घेताना मधला सांधा तपासा

भंगाराची गोदामे, वीटभट्ट्या, खडी-वाळूचे डेपो अशा ठिकाणी जे काम पूर्वी मजुरांची एक टोळी करीत असे, ते आता एक लहान व्हील लोडर उरकतो. नवे यंत्र परवडत नाही म्हणून आपले अनेक व्यापारी बांधव जुने घेतात. घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, बकेट वर-खाली करून हायड्रॉलिकचा जोर अजमावतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. यंत्राची कंबर मात्र वाकून कोणी पाहत नाही. पुढे खर्चाचा खड्डा तेथेच पडतो.

या लोडरची चाके ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. यंत्राचे पुढचा व मागचा असे दोन सांगाडे असतात आणि ते एक वर, एक खाली अशा दोन उभ्या पिनांनी जोडलेले असतात. स्टिअरिंग फिरवले की हायड्रॉलिक सिलिंडर सबंध यंत्रालाच कमरेत वाकवतो. भरलेल्या बकेटचे ओझे, ढिगात घुसतानाचा धक्का, वळणाचा ताण, सारे याच सांध्यातून जाते. आत कोठे साधे बुश असतात, कोठे गोलाकार बेअरिंग, तर कोठे टेपर रोलर. ग्रीस वेळेवर मिळाले नाही की आत शिरलेली धूळ पॉलिश पेपरचे काम करते.

सांधा झिजला की यंत्र सरळ रस्त्यावर डुलत चालते आणि चालकाला सारखे स्टिअरिंग सावरावे लागते. पुढे-मागे करताना कमरेतून ‘खट्’ असा आवाज येतो. पिनेभोवती तांबूस भुकटी दिसते, किंवा दोन सांगाडे एकमेकांना घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात. विक्रेत्याने सांध्यात नुकतेच भरपूर ग्रीस ठासले असेल तर आवाज काही काळ दबतो. म्हणून तो भाग पुसायला लावावा आणि यंत्र अर्धा तास कामावर चालवून मग कान द्यावा.

तथापि डुलणारे प्रत्येक यंत्र सांध्याचेच रोगी नसते. टायरमध्ये हवा कमी-जास्त असणे, चाकाचे बेअरिंग ढिले होणे, स्टिअरिंग सिलिंडरच्या टोकांच्या पिना झिजणे यांनीही हेच घडते. या गोष्टी आधी पाहाव्यात, कारण त्या स्वस्तात दुरुस्त होतात. सहायकाने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावे आणि आपण बाजूला, अंतरावर उभे राहून पाहावे. सिलिंडरची पिन आधी हलून सांगाडा उशिरा हलत असेल, तर दोष सिलिंडरच्या टोकाचा आहे.

मग मुख्य परीक्षा. यंत्र सपाट जमिनीवर उभे करून हँडब्रेक लावावा आणि दोन सांगाड्यांना जखडणारी सुरक्षा-दांडी अडकवावी. ही दांडी नसताना, किंवा इंजिन चालू असताना, त्या फटीत हात घालू नये. यंत्र वळले तर तेथे माणूस चिरडतो. इंजिन बंद असताना चुंबकी स्टँडचा डायल गेज मागच्या सांगाड्यावर बसवून त्याची सुई वरच्या पिनेजवळ पुढच्या सांगाड्याला टेकवावी. नंतर चालकाने बकेट जमिनीवर हळूच दाबून पुढची चाके हलकी करावीत व पुन्हा सोडावीत. सुई किती सरकली ते पाहावे आणि खालच्या पिनेपाशीही हेच करावे. किती ढिलाई चालेल हे यंत्रागणिक बदलते. ते त्या यंत्राच्या मॅन्युअलातच पाहावे, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये.

खरा प्रश्न आकड्याच्या पुढचा आहे: हलते काय? बुशच्या कडेवरून सांगाड्यावर जाईल अशी खडूची रेघ ओढावी आणि तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. रेघ अखंड राहून पिनच बुशमध्ये हलत असेल, तर नवी पिन व बुश घालून काम भागते. रेघ तुटली, म्हणजे बुशच सांगाड्याच्या भोकात हलते आहे, तर मामला गंभीर आहे. तेव्हा दोन्ही सांगाडे वेगळे करून भोक वेल्डिंगने भरावे लागते आणि वरचे-खालचे भोक एकाच रेषेत बोअरिंग करावे लागते. रेषा चुकली तर नवे बुशही लवकरच जाते. काही ठिकाणी बुशलाच वेल्डिंगचा टाका मारून वेळ मारून नेतात. असा टाका दिसला तर समजावे, भोक आधीच गेलेले आहे.

दोष निघाला म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी करता येते. पण दोष सांगण्याची जबाबदारी कोणाची? 1930 चा मालविक्री कायदा, काही अपवाद सोडता, माल पारखण्याचा भार खरेदीदारावर टाकतो. शरिअत तो विक्रेत्यावरही टाकते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. झिजलेल्या सांध्यावर ग्रीस आणि नवा रंग थापणे याहून वेगळे नाही. लपलेला ऐब नंतर उघड झाल्यास माल परत करण्याचा हक्क फिक्हमध्ये खियार-ए-ऐब म्हणून मान्य आहे. आपल्याकडचे सौदे मात्र बहुधा तोंडी होतात. तेव्हा डायल गेजचे दोन्ही आकडे व खडूच्या रेघेचा निकाल सौदाचिठ्ठीवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मगच बाकीची रक्कम द्यावी.